सायरनची उत्तरपूजा

तुमच्या गाडीतली कोणती तार कुठून येते आणि कुठे जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? नाही ना? मग ती गाडी तुमची, हे कशावरून म्हणता?

प्रश्न माझा वाटेल. मी पत्रकांच्या घरात वाढले आहे आणि लोकांना दारात गाठून असे प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धतच होती. बाबा बँकेतल्या युनियनचे चिटणीस. गाद्यांखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं. मला पहिली जोडाक्षरं आली ती 'मित्रांनो' आणि 'संघर्ष' यांवरून. पण हा प्रश्न वामनकाका सप्रे यांचा आहे आणि ते तो फार शांतपणे विचारत. समोरचा ओशाळला की म्हणत, "असू दे. माझ्या पोटात काय आहे ते मला तरी कुठे माहीत आहे? पण मी तिथे बाहेरच्या माणसाला तारा जोडू देत नाही."

वामनकाका बनारसला मंगला गौरीच्या गल्लीत राहत. घराणं भिक्षुकांचं. वडील आणि आजोबा बालाजी घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगत. वामनकाकांनी ते सोडून रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी धरली, आणि नोकरी संपल्यावर एक असं काम धरलं ज्याला नावही नव्हतं. जुन्या गाड्यांत मागाहून बसवलेले चोर-अलार्म ते काढून देत.

हे काम क्षुल्लक वाटत असेल तर तुम्हाला जुनी गाडी ठाऊक नाही. कारखान्यातून येते तेव्हा बिचारी गप्प असते. मग कुणीतरी तिला दुकानात नेतो, दुकानदार तिच्या मूळ तारा मध्येच तोडून आपली डबी बसवतो. दहा वर्षांनी रिमोट हरवलेला असतो, दुकान उठलेलं असतं, आणि टपावरून मांजर चाललं तरी गाडी सहा सुरांत बोंबलते. बसवणारे पैशाला पासरी. काढणारे, आमच्या माहितीत, एकटे वामनकाका.

आमच्या गल्लीत गाडी शिरणं शक्य नाही. सांड आला तर आपणच कुणाच्या तरी पायरीवर चढायचं असतं. त्यामुळे वामनकाका पिशवी घेऊन गाडीकडे जात, वैद्य जातो तसे. पिशवीत नोकरीतलं जुनं मीटर, सोल्डरिंग आयर्न, कटर, सायरनच्या बारक्या किल्ल्यांचा जुडगा, दोऱ्याचं रीळ आणि गेल्या वर्षीचं पंचांग. पंचांगाची पानं कापून ते चिठ्ठ्या करत आणि प्रत्येक तारेला एक बांधत. एका बाजूला 'येथून: डाव्या दाराचा खटका, जाणार: डबी'. दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीची चतुर्दशी. गाडीचे मालक बुचकळ्यात पडत. एकाने तर विचारलंही, की तार काढायला हा मुहूर्त चांगला आहे का.

तारेला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी. पहिली, गाडीचे कागद. कागद पाहिल्याशिवाय ते बॉनेटसुद्धा उघडत नसत. एकदा मैदागिनच्या चौकात एक तरुण किंचाळणारी गाडी घेऊन आला. घाईत होता. म्हणाला, "गुरू, बस आवाज बंद कर दीजिए."

"कागज?"

"घर पर हैं।"

"तो घर हो आइए. हम बैठे हैं।"

तो गेला आणि परत आला नाही. वामनकाका लवंग चघळत त्या किंचाळणाऱ्या गाडीशेजारी स्टुलावर तासभर बसून होते. शेवटी एक वकील घामाघूम होऊन धावत आले. गाडी त्यांची होती आणि तो तरुण त्यांचा कुणी नव्हता. वकील वाकून पाया पडायला लागले, तर वामनकाका पाय मागे घेत म्हणाले, "पहले कागज।"

दुसरी गोष्ट, मेमो. रेल्वेत सिग्नलची तार सोडवायची तर आधी स्टेशन मास्तरला लिहून द्यावं लागतं आणि त्याची सही घ्यावी लागते. काम झालं की पुन्हा लिहून द्यायचं, लाईन पूर्ववत. वामनकाकांनी ही पद्धत मारुतीच्या मंदिराजवळ उभ्या असलेल्या टेम्पोलाही लावली. टेम्पोवाला सही करताना हसे. मीही हसायचे. त्या दिवसांत मी कागदी कारभाराविरुद्ध एक पत्रक लिहीत होते आणि त्यातलं एक उदाहरण वामनकाकाच होते, अर्थात नाव न घेता.

मग खरं काम. गणपती उचलण्याआधी उत्तरपूजा करतात, मूर्ती जागची जराशी हलवतात आणि मगच उचलतात. वामनकाकांचं काढणं तसं होतं. आधी डॅशबोर्डखालचं छुपं बटण शोधून अलार्म झोपवायचा. मग सायरनचं बारकं कुलूप किल्लीने बंद करायचं, कारण कित्येक सायरनच्या पोटात त्यांची स्वतःची बॅटरी असते. गाडीची बॅटरी सोडवली की चोर आला समजून ते आणखी चेकाळतात. मग बॅटरीची काळी तार सोडवायची. मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही. या दहा मिनिटांनी माझा जीव जायचा.

"काका, आता काय?"

"आता बस."

"बसून काय होणार?"

"तुझी बॅटरी उतरेल."

मला ते 'लाल सिग्नल' म्हणत. मी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत बोलायला उठले की मागून ऐकू येई, "थांबा हो, लाल सिग्नल पडलाय."

सगळ्यात जास्त राग त्यांना एका शब्दाचा होता. तात्पुरतं. दुकानदारांनी नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा निघाल्या की ते त्या दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारख्या दाखवत. "विचार त्याला, तो म्हणेल तात्पुरता जोड दिलाय. मुक्ता, पक्कं केलेलं कधीतरी सुटतं, पण तात्पुरतं म्हणून केलेलं जन्मभर तसंच राहतं."

आता व्हॅनची गोष्ट. मंडळाकडे एक जुनी व्हॅन होती. कुणीतरी दान दिलेली, अलार्मसकट. ती मैदागिनजवळच्या एका धर्मशाळेच्या अंगणात उभी असायची आणि वयस्कर माणसांना दवाखान्यात न्यायची. चालवायचे मी. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तिच्यात कुसुममावशी बसत. मावशी मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं. एक खेप चुकली की पाय सुजत, दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगून ठेवलं होतं.

व्हॅनचा अलार्म आधी फक्त बोंबलायचा. लग्नाची वरात गेली की बोंबलायचा, धर्मशाळेत आरतीची घंटा वाजली की बोंबलायचा. चहावाला आम्हाला लांबूनच हाक मारी, "का गुरू, गाड़ी फिर रोवत हौ?" मावशी म्हणत, "बरं आहे, यम आला तर दचकून परत जाईल. काशीत असून मेले नाही, असं होईल माझं." पण हळूहळू तो नुसता बोंबलेना. चालत्या गाडीचं इंजिनही तोडू लागला, कारण त्याच्या मते गाडी चोर चालवत होता. चोर म्हणजे मी.

एका सोमवारी व्हॅन लहुराबीरच्या चौकात बंद पडली ती पडलीच. मावशींना टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसवलं. पोचायला इतका उशीर झाला की त्यांना मशीनवर निम्माच वेळ मिळाला. संध्याकाळी त्यांना धाप लागत होती, तरी मला म्हणाल्या, "रडू नकोस. गुरुवारी पूर्ण घेऊ. गुरुवारी गाडी चालेल ना?"

मी दुसऱ्या दिवशी वामनकाकांकडे गेले आणि भाषण केलं. या यंत्राने एका आजारी बाईला वेठीला धरलं आहे, ते आजच्या आज उखडून फेकलं पाहिजे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकलं.

"उखडायचं की काढायचं?"

"एकच ना?"

"बुधवारी सकाळी कागद घेऊन ये."

मंडळाचे कागद, मंडळाच्या अध्यक्षांची चिठ्ठी, सगळं दाखवलं. त्यांनी मेमो लिहून पुढे केला. मी सही ठोकली. अलार्म झोपवला, सायरनला कुलूप घातलं, बॅटरी सोडवली, दहा मिनिटं बसलो. मग त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि मला बाहेर हातात टॉर्च घेऊन उभं केलं. "रंग बोल," ते म्हणत. मी बोलायचे, हिरवी, निळी, करडी. ते मीटर लावत, चिठ्ठी लिहीत, बांधत. पुढची. ही त्यांची शिकवायची रीत आहे असं मला वाटत असे. एका तारेला पाच-सहा मिनिटं. दुपारपर्यंत नऊ चिठ्ठ्या झाल्या आणि एकही तार तोडली नव्हती. मग ते जेवायला घरी गेले, कारण एक वाजता जेवायचं हाही त्यांचा सिग्नल होता.

मी एकटी उरले. गुरुवारची सकाळ डोळ्यांसमोर होती. समोर ती काळी डबी आणि तिच्यातून निघालेला तारांचा झुबका होता. कटर तिथेच होतं. मी तो झुबका मुठीत धरला आणि सगळ्या तारा एका दमात कापल्या. डबी निघाली. मला फार बरं वाटलं. मग बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली.

टच् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि व्हॅन गप्प. तिला मी ओळखायला लागल्यापासून इतकी गप्प ती पहिल्यांदाच होती. इंजिन नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. शांततेसाठी मी तीन पत्रकं काढली होती. मिळाली.

वामनकाका जेवून आले. लटकत्या तारा पाहिल्या. पहिल्यांदा त्यांनी बॅटरीची काळी तार सोडवली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फाडून खातील. त्यांनी खिशातून मेमो काढला.

"वाच. मोठ्याने."

मी वाचला. "लाईन पूर्ववत झाल्याचा मेमो मिळेपर्यंत मी गाडी सुरू करणार नाही आणि कोणत्याही तारेला हात लावणार नाही." खाली माझी सही होती. लोक पत्रक न वाचता फेकतात म्हणून ज्या घरात आयुष्यभर त्रागा झाला, त्या घरातल्या मुलीने न वाचता केलेली सही.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. "चल, रंग बोल."

तारा होत्या सतरा. नऊ ठिकाणी चिठ्ठ्या होत्या, म्हणून त्या नऊंचं काही बिघडलं नव्हतं. दाराची, इंडिकेटरची, बॉनेटची अशी बारीक टोकं. ती एकेक करून झाकायची एवढंच. खरा घोळ उरलेल्या आठांत होता. मी पालथी पडून टोकं शोधत होते आणि रंग सांगत होते. एका तारेला मी "जांभळी" म्हणाले. ते लिहायला लागले. मी उजेड जवळ नेला तर ती तपकिरी होती. म्हणजे स्पष्ट तपकिरी, चहासारखी. आणि ती त्यांच्या नाकापुढे होती.

"काका, तपकिरी आहे ही."

"मग तपकिरी लिहितो."

"तुम्हाला काय दिसतेय?"

त्यांनी एक लवंग तोंडात टाकली. "तार दिसतेय."

"आणि रंग?"

"रंग तू बोल ना. तुला कशाला बरोबर घेतलीय?" मग चिठ्ठी उलटून मागची तिथी बोटाने चाचपत त्यांनी सांगून टाकलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, वर्ष-दोन वर्षांपासून. तपकिरी, जांभळी, काळी सगळ्या सारख्याच. "जन्मभर लाल-हिरवं सांभाळलेला माणूस आहे मी. मुक्ता, हे तुझ्या पत्रकात नको."

मी नाही म्हटलं. मग आम्ही काम सुरू केलं, आणि आता मी रंग बोलत होते ते अगदी वेगळ्या आवाजात. घाईचा लवलेश नव्हता त्यात.

"अलार्मच्या स्वतःच्या तारा कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या काळ्या."

"हरामखोर. सगळ्या काळ्या देतात, म्हणजे दुसऱ्याला कळू नये. आता त्यांच्यात न शोभणारी, जाड, रंगीत अशी कोणती?"

"लाल. पांढरी रेघ आहे तिच्यावर."

"एक की दोन?"

मी पाहिलं. एक टोक किल्लीच्या बाजूने येत होतं. दुसरं टोक हातभर अंतरावर, फ्यूजच्या पेटीकडे जाणारं. तोच रंग, तीच रेघ, तीच जाडी.

"दोन."

"दोन नव्हेत त्या. एकच होती. त्याने मधोमध तोडून आपली डबी घुसवली आणि इतकी वर्षं ही त्याच्या परवानगीने चालली." ते खरोखर संतापले होते. असा संताप मी फक्त बाबांच्या भाषणात ऐकला होता. "डबी गेली, पण ही तुटलेलीच राहिली तर गाडी कशी चालेल? काढणं म्हणजे नुसतं काढणं नाही, बाई. जिथे तोडलं होतं तिथे परत जोडणं."

त्यांनी मीटरने दोनदा तपासलं. टोकं तासली, एकावर नळी सरकवून ठेवली, पीळ घातला आणि सोल्डर ओतलं, सगळं हाताच्या अंदाजाने. मग नळी जोडावर आणून उष्णतेने आवळली. बाकीच्या टोकांना एकेक टोपी. जळलेला फ्यूज बदलला. डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा लाल दिवा तेवढा तसाच चिकटवून ठेवला. "राहू दे. चोराला काय माहीत?"

ऊन उतरायच्या आत त्यांनी काळी तार जोडली. मी किल्ली फिरवली. व्हॅन सुरू झाली, आणि मी तीन वेळा बंद करून तीन वेळा सुरू करून पाहिली. त्यांनी दुसरा मेमो लिहिला. लाईन पूर्ववत. तो अजून माझ्याकडे आहे.

गुरुवारी मावशी येऊन बसल्या, पदर नीट केला, पर्स मांडीवर घेतली आणि लहुराबीर येईपर्यंत पुढची दांडी घट्ट धरून बसल्या. मग म्हणाल्या, "आज धक्का कुणी मारतोय का? आवाज कसा नाही?"

त्यांना चार तास पूर्ण मिळाले. परतताना त्या हसऱ्या होत्या आणि त्या हसण्याला भुलून मी वामनकाकांच्या डोळ्यांबद्दल बोलून गेले. पत्रकात तर लिहिलं नव्हतं ना! मावशींनी हनुवटीवर बोट ठेवलं. "तरीच. वर्षभर हा मला विचारतो, कुसुम, आज कोणत्या रंगाचं पातळ? मला वाटलं, म्हातारपणी रसिक झालाय."

त्याच संध्याकाळी त्यांनी वामनकाकांच्या मुलीला नाशिकला फोन केला. पंधरा दिवसांत मुलगी येऊन हजर. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नाशिकलाच होणार होती. कुणी सांगितलं ते वामनकाकांनी मला विचारलं नाही. फक्त पिशवी आणून दिली. "गंजू देऊ नकोस."

मीच व्हॅनने त्यांना कँट स्टेशनवर सोडलं. गाडी यायला वेळ होता. मुलगी सामान मोजत होती आणि वामनकाका नाहीसे झाले. मी बाहेर धावले. पार्किंगमध्ये कुणाची तरी मोटार जीव तोडून किंचाळत होती, तिचा मालक लोकांची माफी मागत उभा होता, आणि वामनकाका कमरेवर हात ठेवून त्याला विचारत होते, "कागज हैं?"

त्यांना दंडाला धरून प्लॅटफॉर्मवर आणलं. गाडी लागली. ते खिडकीशी बसले, ट्रंक खिडकीला लागून ठेवली. ट्रंकेच्या कडीला दोऱ्याने पंचांगाची चिठ्ठी बांधलेली होती. मला ती गाडी हलता हलता वाचता आली. 'येथून: मंगला गौरी. जाणार: नाशिक. तात्पुरते.'

ते फलाटाच्या टोकाकडे पाहत होते. "मुक्ता, सिग्नल पडला का गं?"

"पडला, काका. हिरवा."

ऑपरेशनं उत्तम झाली. फोनवर म्हणाले, "आता मुलीच्या घराच्या भिंतींचा रंग कळला. न कळता तर बरं होतं." कधी येताय विचारलं की म्हणतात, येतो गं, इथल्या गच्चीवरचा एक जोड फार वाईट आहे. मंगला गौरीच्या त्यांच्या खोलीत आता एक विद्यार्थी राहतो. मावशी सोमवार-गुरुवार जातात. पिशवी मी गंजू दिलेली नाही, आणि कागद पाहिल्याशिवाय मीही बॉनेट उघडत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी तुमच्या गाडीत, घरात, कुठेही एखादी तार जोडत असेल, तर तिथे उभे राहा. ती कुठून येते आणि कुठे जाते ते विचारा, आणि एका कागदावर लिहून तिला बांधायला लावा, मागून काढायला येणाऱ्या माणसासाठी. सही कराल तर वाचून करा. आणि कुणी 'तात्पुरतं' म्हणालं, तर तिथल्या तिथे तारीख विचारून घ्या. मी विचारली नव्हती.